स्वतःचे काम : पाटी, चित्र आणि खोली

कोल्हापूरला कलापूर म्हणण्याची प्रथा आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर अशी नावे निघाली की ह्या शहराला अभिमान वाटतो आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या शहराने कलावंत जपले, त्याच शहराच्या वेशीबाहेर कातडे कमावणारे, दोर वळणारे, केरसुण्या बांधणारे, हलगी वाजविणारे हातही राबत होते. त्यांच्या कसबाला कला म्हणण्याचा मोठेपणा कलापुराने क्वचितच दाखविला. कला कोणती आणि नुसते कसब कोणते, हे ठरविण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांनी ती रेघ जातीच्या रेघेवरूनच ओढली. म्हणून आपल्यातला एखादा तरुण हाती पेन्सिल धरून 'हे माझे स्वतःचे काम' असे म्हणतो, तेव्हा त्या कामाची समीक्षा केवळ रंग आणि आकार यांच्या हिशेबाने करता येत नाही. ह्या 'स्वतः'मध्ये कोण आहे आणि कोण गाळले गेले आहे, हे आधी पाहावे लागते.

उचगाव हे कोल्हापूरला चिकटलेले गाव. एका अंगाला पुणे-बंगळूर महामार्ग, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ. गाव कुठे संपते आणि शहर कुठे सुरू होते हे आता पाटी वाचूनच कळायचे. पाट्यांना तर तोटा नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांची नावे, नव्या सदनिकांच्या जाहिराती. अक्षर, चित्र आणि घराची आतली मांडणी ह्या तिन्ही गोष्टींचा आता रीतसर धंदा झाला आहे आणि त्या धंद्यात आपल्या वस्तीतली मुलेही शिरली आहेत. ही चांगली गोष्ट आहे.

गेल्या पावसाळ्यात अशांपैकी एक तरुण आपल्या कामाचे बाड घेऊन माझ्याकडे आला. उपयोजित कलेची पदविका घेतलेला, घरांची अंतर्गत सजावट करणाऱ्या एका कचेरीत पगारावर असलेला. बाडाचे तीन भाग होते. पहिल्यात पाट्या आणि बोधचिन्हे, दुसऱ्यात चित्रे, तिसऱ्यात घरांचे आतले नकाशे. पहिल्या पानावर लिहिले होते, 'वैयक्तिक कामे'. तो म्हणाला, "सर, दिवसभर गिऱ्हाइकाचं करतो. हे मात्र रात्री बसून माझं मी केलंय."

'माझं मी' हे दोन शब्द मला बाडातल्या कोणत्याही चित्रापेक्षा मोलाचे वाटले. त्याच्या पणजोबाला ते उच्चारता आले नसते. वतनी महाराचे काम गावाचे होते. चांभाराने शिवलेली वहाण बलुत्याच्या हिशेबात जात होती आणि तिचा मोबदला खळ्यावर, देणाऱ्याच्या मर्जीने, सुपाने मोजला जात होता. राबणाऱ्याचे काम त्याचे नव्हते, कारण त्याचा वेळच त्याचा नव्हता. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतन मोडून त्या जमिनी रयतावा केल्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचा प्रश्न विधेयकाच्या रूपाने मांडला. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. इतक्या खटाटोपानंतर आपल्या माणसाची रात्र त्याच्या मालकीची झाली. मध्यमवर्गीय कलावंताच्या दृष्टीने 'स्वतःचे काम' ही हौस असेल. आपल्या दृष्टीने तो मिळविलेला हक्क आहे. तेव्हा प्रश्न असा की, हा हक्क हाती आल्यावर त्या बाडात त्याचे काय झाले?

पहिला भाग पाट्यांचा. अक्षर देखणे. शिरोरेषेखाली सगळा भार तोललेला, वेलांट्यांना पुरेशी मोकळीक, जोडाक्षरे कुठे गुदमरलेली नाहीत. हात तयार आहे यात शंका नाही. पण नावे पाहा. दागिन्यांची पेढी, कॉफीचे दुकान, 'वाडा' नावाचे भोजनगृह, कुणा पाटलाची, कुणा सरकारांची काल्पनिक दुकाने. गिऱ्हाईक नव्हते, सक्ती नव्हती, तरीही स्वप्नात त्याने दुसऱ्यांच्याच पाट्या रंगविल्या. आपल्या माणसाच्या नावाची एकही पाटी त्या बाडात नव्हती.

आणि हे कोणत्या गावात? जेथे भाऊसिंगजी रस्त्यावर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले होते, त्या गावात. गंगाराम हे महाराजांच्या चाकरीतले. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला साहाय्य दिले. हॉटेलचे नाव सत्यसुधारक. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज आपली गाडी तेथे थांबवीत, चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावीत. त्या पाटीचे सौंदर्य अक्षरांच्या वळणात शोधू नये. अस्पृश्याच्या हातचा चहा ह्या शहरात भर रस्त्यावर विकला जाईल, असे ती पाटी सांगत होती. पाटीने कुणाला आत बोलाविले आणि कुणाच्या नावाने बोलाविले, ही आलेखनाची पहिली कसोटी आहे. उपयोजित कलेच्या वर्गात ती शिकवीत नाहीत, म्हणून ती आपण शिकविली पाहिजे.

दुसरे उदाहरणही कोल्हापूरचेच. बाबूराव पेंटर यांचे मूळ आडनाव मेस्त्री. कारागिराच्या घरातले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांची भित्तिपत्रके त्यांनी आपल्या हाताने रंगविली आणि धंद्याचे नाव हेच त्यांचे आडनाव झाले. शहराने ते मानाने मिरविले. पण येथे एक प्रश्न उपस्थित होतो. 'पेंटर' हे धंद्याचे नाव मानाचे, तर 'चांभार' हे धंद्याचे नाव शिवीचे का? दोघेही हाताने वस्तू घडवितात, दोघांनाही माप आणि रेषा यांची जाण लागते. फरक कसबात नाही. फरक आहे तो वर्णव्यवस्थेने कोणत्या कसबाला विटाळ चिकटविला ह्यात.

मुंबईतील सुधीर राजभर ह्या कलावंताने ह्या प्रश्नाला पाटीनेच उत्तर दिले. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला आणि चामड्यावर पोट असलेल्या कारागिरांचे हाल झाले. राजभरांनी धारावीच्या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबरापासून तयार केलेल्या, चामड्यासारख्या दिसणाऱ्या मालाच्या पिशव्या आणि पुढे आसने करवून घ्यायला सुरुवात केली. उद्योगाला नाव दिले 'चमार'. अपमान करण्याच्या हेतूने हा शब्द वापरणे अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितले होते. तोच शब्द आता मालावरची मोहोर झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ह्या उद्योगाच्या खुर्च्या अमेरिकेत मायामीच्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि रिहाना ही गायिका त्यांतल्या एकीवर बसल्याचे छायाचित्र जगभर फिरले.

हे काम महत्त्वाचे आहे, पण त्याची भलामण करून थांबता येत नाही. शिवी पुसून तिचे बिरुद करणे हा विद्रोहच आहे. राजभर स्वतः चर्मकार जातीतले नाहीत, म्हणून त्यांना हा शब्द घेण्याचा अधिकार काय, असेही कोणी विचारील. माझ्या मते शब्द कुणी उचलला यापेक्षा त्या शब्दामागचे खाते कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न अधिक खरा आहे. वस्तू श्रीमंताच्या दिवाणखान्यात गेली. ती शिवणाऱ्याचे नाव तिच्यावर गेले काय? मिळकतीचा वाटा कारागिरांकडे वळविण्याची राजभरांची भूमिका आहे, तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु पाटी बदलणे आणि मालकी बदलणे ह्यांतले अंतर समीक्षकाने डोळ्यांआड करता कामा नये.

हे अंतर कोल्हापूरने अलीकडेच पाहिले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या प्रदर्शनात प्राडा कंपनीने कोल्हापुरीच्या घडणीची पायताणे दाखविली आणि कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही. ह्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशी करार करून दोन हजार जोड येथे करून घेण्याचे तिने जाहीर केले, जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. त्या काळात सारे शहर 'आमची चप्पल' म्हणून उभे राहिले. ह्या 'आमची'मध्ये बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडे कमावणारा ढोर कितपत होता? कान आणि अंगठा शिवणारा चांभार कितपत होता? चप्पल कोल्हापूरची झाली. ती करणाऱ्याला मात्र गावाने अजून 'आमचा' म्हटलेले नाही.

आता बाडाचा दुसरा भाग. आषाढाचा पाऊस, बैलजोडी, चुलीवरची भाकरी, वाड्याचा दिंडी दरवाजा, पंचगंगेचा घाट. रंग संयमी, रेषा स्वच्छ. दिवाणखान्यात टांगावीत अशी चित्रे. पण चित्रातले गाव एकसंध आहे. त्याला वस्ती नाही. ज्या वाटेने हा तरुण रोज घरी जातो ती वाट त्याच्या चित्रात नाही. फळीवर घासूनपुसून ओळीने लावलेली स्टीलची भांडी नाहीत, निळ्या भिंती नाहीत, बुद्धविहारापुढचा कट्टा नाही. गावाचे चित्र काढताना त्याने आपलीच वस्ती गाळली. हे त्याने जाणूनबुजून केले असे मी म्हणत नाही. शाळेच्या पुस्तकातले गाव, दिनदर्शिकेवरचे गाव, सिनेमातले गाव असेच असते. त्याने 'माझं मी' म्हणून जे काढले ते दुसऱ्यांनी आधीच काढून ठेवलेले होते.

येथे मला 'भीमायन' ह्या चित्रग्रंथाची आठवण होते. २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने तो काढला. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांची. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची. पाणी, निवारा आणि प्रवास ह्या तीन गोष्टींभोवती बाबासाहेबांचे आयुष्य येथे मांडले आहे. चित्रकथा म्हटली की चौकटी आल्या. व्याम दांपत्याने चौकटी नाकारल्या. भिंतीवर नि अंगणात काढायच्या त्यांच्या डिगणा आकृतींनी पान वळत, वाहत जाते. ज्यांना गावाने चौकटीत कोंडले त्यांची कथा चौकटीत सांगायची नाही, हा निर्णय निव्वळ शोभेचा नाही. सौम्य माणसांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात आहे, जातीचे विष ओकणारे बोलणे विंचवाच्या नांगीत संपते. १९०१ साली सातारहून निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात आणि त्यांची जात कळताच त्यांना गाडी मिळेनाशी होते, पाणी मिळेनासे होते. कोल्हापूरहून पुण्याला जाणाऱ्या आपल्या गाड्या आजही त्याच मसूरवरून जातात. महाडच्या सभेचे चित्र तर मुद्दाम पाहावे. तेथे ध्वनिक्षेपकातून शब्दांऐवजी लोकांवर पाण्याचा शिडकावा होतो. जे तळे बंद होते ते भाषणातून उघडले, हे हजार शब्दांत सांगावे लागले असते.

ह्या ग्रंथाला मर्यादा आहेत. अपमानाच्या प्रसंगांवर त्याचा भर आहे. मजुरांचा पक्ष बांधणारे, विधेयके लिहिणारे, लोकांना संघटित करणारे बाबासाहेब त्या मानाने थोडक्यात येतात. केवळ सोसणारा नायक वाचकाची करुणा मिळवितो, पण आपल्याला करुणा नको होती, हे बाबासाहेबांनीच शिकविले. तरीही एक गोष्ट ह्या चित्रकारांपासून घेण्यासारखी आहे. त्यांनी आपली रेषा सोडली नाही. परक्या विषयाला ते आपल्या अंगणातल्या रेषेने सामोरे गेले. आपल्या तरुणाने उलट केले. विषय आपल्या गावाचा घेतला आणि डोळे उसने आणले.

तिसऱ्या भागाने मला सर्वांत अस्वस्थ केले. त्यात एका घराचा नकाशा होता. त्याच्या स्वप्नातले घर. प्रशस्त दिवाणखाना, मोठे स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर, आणि मागे धुण्याच्या जागेला लागून सहा फूट बाय पाच फूट अशी एक खोली. तिच्यावर लिहिले होते, 'नोकर'. तिला वेगळे दार. ह्या तरुणाची आई शहरात दोन घरी धुणीभांडी करते. मी विचारले, "ह्या घरात तुझी आई कुठल्या दारानं येईल?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सगळ्याच प्लॅनमध्ये असते, सर."

सगळ्याच प्लॅनमध्ये असते, हे त्याचे म्हणणे खरे आहे. जात आता कुठे राहिली आहे, ती फक्त मनात आहे, असे सांगणाऱ्यांनी एकदा घराचा नकाशा उघडून पाहावा. गावगाडा हादेखील एक नकाशाच होता. वारा कोणत्या दिशेचा, पाणी कोणत्या बाजूचे, कुणी कुठे राहायचे, हे सारे त्यात आखलेले होते. मोलकरणीचा वेगळा कप, नोकरांची वेगळी लिफ्ट, मागचे दार, ही त्याच नकाशाची नवी आवृत्ती होय. अंतर्गत सजावट म्हणजे पडदे आणि दिवे, अशी समजूत करून दिली जाते. वस्तुतः कुणी कुठे बसावे, कुणी कुठपर्यंत यावे, हे ठरविण्याचे ते शास्त्र आहे. म्हणून त्याची समीक्षा सामाजिक समीक्षाच असली पाहिजे.

खोलीचा अर्थ बाबासाहेबांइतका कुणाला कळला असेल? १९१७ साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, आणि शेजारच्या दालनात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या अशी अडगळ. विजेचा दिवा नाही, मिणमिणता कंदील. कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेला माणूस त्या अंधारात एकटा बसत होता. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि तीही जागा सुटली. गाडीच्या वेळेपर्यंत त्यांना सार्वजनिक बागेत बसून राहावे लागले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

ह्या खोलीला त्यांनी पुढे दुसऱ्या खोलीने उत्तर दिले. १९३०नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह उभे राहिले. नाव प्राचीन मगधाच्या राजधानीचे. घर बांधताना ग्रंथांसाठी जागा हा मुख्य विचार होता. इतरांच्या घरात दिवाणखाना मोठा, देवघर पवित्र. ह्या घरात ग्रंथालय हाच गाभारा. स्वतःची खोली कशी असावी, ह्याचे ह्यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणत्या सजावटकाराने दिले आहे? जुलै २०२० मध्ये त्या घराच्या आवारात मोडतोड झाली, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला, कारण ते घर लोकांनी आपले मानले होते.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस? धर्मांतराचा विचार आपण तत्त्वज्ञानाच्या, राजकारणाच्या अंगाने पुष्कळ केला. घराच्या अंगाने केला नाही. नागपूरहून परतलेल्या माणसांनी देव्हाऱ्यातले देव काढून नदीत, ओढ्यात सोडले. कोनाडा रिकामा झाला. त्या जागी बुद्ध आले, बाबासाहेबांची तसबीर आली, पोरांची पुस्तके आली. लाखो झोपड्यांची आतली रचना कोणत्याही सजावटकाराला न विचारता बदलली. महाराष्ट्राच्या इतिहासात घराच्या अंतर्रचनेत झालेली ह्याहून मोठी क्रांती मला ठाऊक नाही. आणि त्या घरातला मुलगा स्वप्नातल्या घराच्या ईशान्येला पुन्हा देवघर आखतो! हा दोष एकट्या त्याचा नव्हे. त्याच्या आजोबांनी केलेले काम हे सौंदर्याचे काम होते, असे त्याला कुणी सांगितलेच नाही.

येथे कुणी म्हणेल, कलावंताने स्वतःसाठी केलेल्या कामावरही चळवळीचा पहारा का? रात्रीचे दोन तासही त्याला मोकळे मिळू नयेत काय? हा आक्षेप रास्त आहे. प्रत्येक पानावर बाबासाहेबांची तसबीर आणि उगवता सूर्य काढा, असे मी म्हणणार नाही. तशी चित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांतली कित्येक आळसाने काढलेली आहेत. त्याने पाऊस काढावा, मांजर काढावे, काहीही काढावे. माझी मागणी एवढीच की, ते त्याने पाहिलेले असावे. वस्तीतल्या पत्र्यावर पडणारा पाऊस वाड्याच्या कौलावर पडणाऱ्या पावसासारखा वाजत नाही. हा फरक ज्याच्या रेषेत उतरेल त्याला घोषणेची गरज पडणार नाही.

आता थोडे आपल्याविषयी. आपण साहित्याची समीक्षा उभी केली. वेदना, नकार आणि विद्रोह ह्यांचे मोल मांडले, प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला जाब विचारला. पण चित्राला आपण सजावट समजलो. जयंतीच्या आदल्या रात्री वस्तीतल्या मुलाला बोलावून फलक रंगवून घ्यायचा, त्याला चहा पाजायचा आणि त्याचे नाव विसरायचे, ही आपली रीत. कवितासंग्रहाचे परीक्षण चार पाने लिहितो, त्यात मुखपृष्ठकाराचा उल्लेख करीत नाही. हे बलुतेच झाले. फरक इतकाच की घेणारे आपण आहोत. आपल्या शिबिरांत कथाकार, कवी, विचारवंत बोलतात. नकाशा काढणारा, अक्षर घडविणारा, सुतारकामाचा आराखडा करणारा तरुण मात्र मंडपाच्या खांबाला टेकून उभा असतो. त्याला व्यासपीठावर बोलाविले पाहिजे आणि त्याच्या कामाची आपण कठोर, नीट, ओळ न ओळ समीक्षा केली पाहिजे. आपल्या नियतकालिकांनी मुखपृष्ठाचे मानधन दिले पाहिजे आणि नाव छापले पाहिजे. विहारांची, वाचनालयांची, वसतिगृहांची रचना ह्या मुलांकडून करून घेतली पाहिजे. तेथे त्यांना मागचे दार आखावे लागणार नाही.

तो तरुण त्या दिवशी बाड गुंडाळून निघाला. त्याला वाईट वाटले होते, हे मला दिसले. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला आणि एकच कागद पुढे ठेवला. तेच घर होते. सहा बाय पाचची खोली काढून टाकली होती. देवघराच्या जागी त्याने पुस्तकांची भिंत आखली होती आणि स्वयंपाकघरात, खिडकीजवळ, एक खुर्ची काढून तिच्याशेजारी लिहिले होते, 'आई'. नकाशात चुका होत्या. खिडकी ओट्याला अडत होती, दार उघडले की खुर्चीला लागत होते. आम्ही दोघांनी बसून त्या दुरुस्त केल्या.